खिडक्यांविना पडदा : यंत्रमाग शेडमधल्या स्क्रीनच्या प्रकल्प नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत मामांची शेड आहे. बारा माग, त्यातल्या आठांवर जॅकार्ड, म्हणजे नक्षीच्या चादरी. डिझाइनचे मास्तर आयुष्यभर ग्राफ पेपरावर खाने रंगवत आले. आता नवी डिझाइनं बीएमपी फाइल होऊन व्हॉट्सॲपवर येतात आणि मास्तर चष्मा कपाळावर सारून मोबाईलमध्ये खाने मोजत बसतात. त्यांच्या हिशेबात ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड, कुठले धागे उचलायचे ते मागाला सांगणारं भोकांचं पुठ्ठं. ओळ चुकली की कार्डाला भोक चुकीच्या जागी पडतं, आणि ते कळतं चादर विणून झाल्यावर.

मामांची मागणी अशी : शेडमध्ये एक स्क्रीन लावायची, डिझाइन मोठं दिसलं पाहिजे, चालू ओळ ठळक दिसली पाहिजे, आणि लाइट जाऊन आली की सगळं आपोआप चालू झालं पाहिजे. "माऊस कोण धरत बसत नाही इथं," हे वर.

दिवाळीत एकदा करून बघितलं होतं. माझा जुना लॅपटॉप (२ जीबी रॅम, १३६६ बाय ७६८ची स्क्रीन, अर्धा कीबोर्ड मेलेला), त्यावर नेहमीचा डेस्कटॉप आणि त्यात फोटो दाखवणारा प्रोग्रॅम. लाइट आली की पासवर्ड मागायचा. एकदा तर नक्षीतल्या मोराच्या मानेवरच अपडेटची चौकट येऊन बसली आणि दोन तास ती कुणी हलवली नाही. मग एका पोरानं हलवली, ती डिझाइनसकट कचऱ्यात.

म्हणून ठरवलं, डेस्कटॉपच नको. एक पडदा, एक प्रोग्रॅम, मध्ये कुणी नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

डेबियन लिनक्स टाकलं, डेस्कटॉपवरची सगळी टिकमार्क काढून. चालू झाल्यावर काळा पडदा आणि लॉगिन. फार दिवसांनी संगणक रिकामा दिसला.

ग्राफिक्सशी माझी ओळख कॉलेजात टर्बो सीमधून झाली. इनिटग्राफ म्हणायचं, बीजीआय (ग्राफिक्स ड्रायव्हरच्या) फोल्डरचा पत्ता द्यायचा, ६४० बाय ४८०चा पडदा नि १६ रंग. तो पत्ता चुकला की 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड', आणि निम्मं प्रॅक्टिकल तिथंच संपायचं. त्याच्याही खाली एक पायरी होती, ती सरांनी नव्हे, एका सीनियरनं दाखवली : मोड १३-एच. ३२० बाय २००, २५६ रंग, आणि ए-हजार या सेगमेंटपासून सलग ६४,००० बाइट. तिथं बाइट लिहिला की पडद्यावर ठिपका. वाय गुणिले ३२० अधिक एक्स, संपलं.

लिनक्समध्ये त्याचा नातेवाईक म्हणजे फ्रेमबफर. डेव्ह फोल्डरात एफबी-शून्य नावाची फाइल असते, तीच पडदा. प्रोग्रॅम लिहायच्या आधी मोह आवरला नाही, यूरँडमची फाइल (वाचत राहाल तोवर वाटेल ते बाइट देणारी) सरळ कॅट करून तिच्यात ओतली. आख्ख्या स्क्रीनवर रंगीत मुंग्या. शेवटी 'जागा शिल्लक नाही' म्हणून थांबलं, कारण पडदा भरला! आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, टीव्ही बिघडल्यावर असंच दिसायचं.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज मोर काढला आणि मोराच्या चिंध्या झाल्या.

एमॅपनं फ्रेमबफर मेमरीत घेतला, बीएमपी वाचली, वाय गुणिले रुंदी अधिक एक्स या जुन्या मंत्रानं रंग भरले. पडद्यावर सगळं तिरकं, जणू कुणी चादर कोपऱ्याला धरून ओढली. दीड तास बीएमपी वाचणाऱ्या कोडवर संशय घेतला. (बीएमपीच्या ओळी खालून वर साठवलेल्या असतात आणि प्रत्येक ओळ चारच्या पटीत बाइट भरून पुरी केलेली असते, त्यामुळे तो संशय अगदीच वेडा नव्हता.)

चूक दुसरीकडे होती. १३६६ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, ओळीचे झाले ५४६४. पण आयओसीटीएलनं (ड्रायव्हरशी थेट बोलायच्या कॉलनं) विचारलं तर ड्रायव्हर ओळीची लांबी सांगत होता ५५०४. हार्डवेअरला ओळ ६४च्या पटीत सुरू झालेली हवी असते, म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी ४० बाइट न दिसणारे. मी ते धरलेच नव्हते, त्यामुळे प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल डावीकडे सरकत होती. दीडशे ओळी व्हायच्या आत मोर एका बाजूनं बाहेर जाऊन दुसऱ्या बाजूनं आत.

ही ओळीची खरी लांबी म्हणजे स्ट्राइड. मोड १३-एचमध्ये रुंदी आणि स्ट्राइड एकच, म्हणून ती वेगळी गोष्ट आहे हे तेव्हा कुणाला सांगावंच लागलं नाही. मागावर मात्र हे सगळ्यांना ठाऊक असतं : चादरीच्या नक्षीची रुंदी वेगळी, काठासकट कापडाची वेगळी, आणि माप धरायचं ते कापडाचं.

लाल चादर निळी दिसत होती, तेही आजच निस्तरलं. मेमरीत क्रम निळा, हिरवा, लाल, रिकामा असा आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

भूत सापडलं.

प्रोग्रॅम आता बाणाच्या बटणानं ओळ सरकवतो, एंटरनं ओळीवर खूण करतो, क्यूनं बंद होतो. बटणं मी इनपुट फोल्डरातल्या इव्हेंट फाइलींतून थेट वाचतो : दाबलं की १, सोडलं की ०, दाबून धरलं की २. साधं आहे. पण क्यू दाबला की प्रोग्रॅम बंद होऊन लगेच पुन्हा चालू. परत क्यू, तेव्हा बंद. दर वेळी होतं असंही नाही.

रात्री उशिरा उजेड पडला. मी बटणं वाचली म्हणून ती दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत असं थोडंच आहे. तीच बटणं टर्मिनलच्या रांगेतही जाऊन बसत होती. मी बंद झालो की शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) ती रांग वाचायचा : वरचा बाण म्हणजे मागची कमांड, एंटर म्हणजे चालव. मागची कमांड कुठली, तर माझाच प्रोग्रॅम!

खिडक्यांच्या जगात हा प्रश्न कधी डोक्यातही येत नाही. कुठलं बटण कुणाचं हे विंडो सिस्टीम ठरवते, ज्याच्यावर फोकस त्याचं. इथं फोकस वगैरे काही नाही. कीबोर्ड आपल्याकडे ओढून घ्यायला वेगळा आयओसीटीएल आहे, तो केला.

दुसरं, कन्सोलचा कर्सर मोराच्या पायाशी लुकलुकत होता. कन्सोलला 'आता ग्राफिक्स मोड, तू हात लावू नको' असं सांगता येतं. सांगितलं. मग प्रोग्रॅम क्रॅश झाला, आणि कन्सोल आज्ञाधारकपणे गप्प. पडदा काळा, कीबोर्ड मेल्यासारखा. फोनवरून एसएसएच करून, म्हणजे दुरून लॉगिन होऊन, सोडवलं. आता सिग्नल पकडून जाण्याआधी कन्सोल परत देतो. पण सिग-किल, म्हणजे जागच्या जागी मारणारा सिग्नल, पकडता येत नाही, म्हणून एक छोटा पालक प्रोग्रॅम ठेवला, जो पोरगं गेलं की पडदा आवरतो.

७ डिसेंबर, शनिवार

फ्रेमबफर सोडला. चालत होता, पण आता तो जुन्या प्रोग्रॅमांसाठी ठेवलेला देखावा आहे. खरं काम डीआरएम आणि केएमएस, म्हणजे कर्नलमधले (लिनक्सच्या गाभ्यातले) पडदा सांभाळणारे भाग, करतात. (हा डीआरएम म्हणजे गाण्यांची कॉपी अडवणारा नव्हे.) मार्च २००९मध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून इंटेलच्या चिपसाठी पडद्याचा मोड (रुंदी, उंची वगैरे) कर्नल स्वतः लावू लागला. त्याआधी हे काम खिडक्या सांभाळणारा एक्स सर्व्हर करायचा, रूटचे हक्क घेऊन थेट कार्डाच्या रजिस्टरांत हात घालून. म्हणजे तेव्हा खिडक्या नको म्हटलं की पडदा लावायचं अर्धं कौशल्यही हातचं जायचं. आता ते कर्नलकडे आहे, म्हणून माझ्यासारख्याला हा उद्योग जमतो.

साखळी अशी : कनेक्टर म्हणजे मागची सॉकेट, सीआरटीसी म्हणजे बफरमधून ओळीमागून ओळ वाचत जाणारं यंत्र, आणि दोघांमध्ये एन्कोडर. जोडलेला कनेक्टर शोधायचा, त्याच्या मोडच्या यादीतला पसंतीचा घ्यायचा, एक 'डंब बफर' मागायचा आणि सीआरटीसीला म्हणायचं, हा बफर या सॉकेटवर दाखव. नाव डंब असलं तरी माझं काम भागतं. त्याचा स्ट्राइडही ५५०४च निघाला, या वेळी आधी विचारला.

फायदा दोन बफरांचा. एक दिसत असताना दुसऱ्यात रंगवायचं आणि पेजफ्लिप मागायचं. अदलाबदल होते ती पडदा खालपर्यंत वाचून झाल्यावर, पुन्हा वरून सुरू व्हायच्या मधल्या फटीत. आधी ओळ सरकवताना मोर मानेशी कापला जायचा, वरचा अर्धा नवा, खालचा जुना. ते गेलं. मागावर आडवा धागा नेणारा धोटासुद्धा उभे धागे उघडले असतानाच जातो, एरवी गेला तर धागे तुटतात. मामांना समजावताना हाच दाखला दिला आणि पहिल्यांदा त्यांना मी काहीतरी काम करतोय असं वाटलं.

११ डिसेंबर, बुधवार

छोटी नोंद. खान्यांच्या रेघा अर्धपारदर्शक केल्या आणि पडदा ढिम्म. एकदा रंगवायला ४०० मिलिसेकंद.

पारदर्शक रंग म्हणजे आधीचा वाचा, मिसळा, लिहा. बफरची ती मेमरी लिहायला चांगली असते, प्रोसेसर लिहिलेलं गोळा करून एकगठ्ठा पाठवतो. वाचायला वाईट, कॅशे नाही, प्रत्येक वाचनाला पार तिथपर्यंत जाऊन यावं लागतं. आता सगळं चित्र साध्या रॅममध्ये काढतो आणि तयार झालं की ४२ लाख २७ हजार ७२ बाइट एका मेम-कॉपीत ढकलतो. १२ मिलिसेकंद.

१५ डिसेंबर, रविवार

शेडमध्ये पहिलं दर्शन. बाहेर चांगली थंडी, आत मागांचा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नाही. मास्तर स्क्रीनसमोर उभे राहिले, एक मिनिट काही बोलले नाहीत. मग हातानं बाहेर चला अशी खूण.

बाहेर चहा घेताना म्हणाले, "मोर बसका दिसलालाय की."

मी म्हणालो, मास्तर, फाइलमध्ये आहे तसाच दाखवतोय, एक खाना एक चौकोन. ते म्हणाले, तिथंच चुकलं. या चादरीला इंचाला उभे धागे ४०, आडवे ३२. खाना चौकोनी कसा असेल? त्यांचा ग्राफ पेपरच तसा मिळतो, उभट खान्यांचा. जसं कापड तसा कागद. फाइल करणाऱ्यानं खाने बरोबर भरले होते. बिघडवला तो मी, पिक्सेल चौरस म्हणून खानाही चौरस धरून.

तिथंच बदललं. रुंदी एक चाळिसांश, उंची एक बत्तिसांश, म्हणजे ४ ला ५. जवळून बघायला खाना ४ पिक्सेल रुंद, ५ उंच. मोरानं मान वर केली. पण डिझाइन २४० खाने रुंद, २०० ओळी. ५नं १००० पिक्सेल उंची होते, ती ७६८त मावत नाही. पूर्ण बघायला खाना २ रुंद केला तर उंची अडीच. अर्धा पिक्सेल कुठून आणायचा? एक ओळ २ची, पुढची ३ची असं केलं, आणि मास्तरांनी लगेच बोट ठेवलं, "ही रेघ जाड का?" शेवटी ३ रुंद, पावणेचार उंच. ओळी ४, ४, ४, ३ अशा पडतात, एकूण ७५०, बरोबर मावतात आणि डोळ्याला खुपत नाहीत. उरलेला पाव पुढच्या ओळीच्या हिशेबात नेत राहायचं, पूर्ण पिक्सेल साठला की खर्च करायचा. तिरकी रेघ काढायची ब्रेसनहॅमची रीत अशीच चालते. आयबीएममध्ये १९६२ साली त्यानं ती प्लॉटरसाठी बसवली, छापून आली १९६५ला. कॉलेजात तिच्यावर दहा मार्कांचा प्रश्न यायचा, उपयोग आज कळला.

मग मास्तर म्हणाले, "उलटी बाजू दाखव." चादरीच्या मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल दिसते : पुढं लाल जमिनीवर पांढरा मोर, तर मागं पांढऱ्यावर लाल. एका बटणावर रंग उलटवून दिले. ते हसले. चादर हातात घेऊन उलटली आणि म्हणाले, मोराचं तोंड कुणीकडं गेलं बघ. अर्थात. कापड उलटलं की डावं उजवीकडं जातं. मी नुसते रंग फिरवले होते, आरसा विसरलो.

जॅकार्डची भोकाची कार्डं आणि संगणकाचा जन्म ही गोष्ट प्रत्येक भाषणात ऐकलीय. कार्डाच्या बाजूनं कुणी माझ्या कोडची तपासणी करेल असं मात्र वाटलं नव्हतं.

२२ डिसेंबर, रविवार

मित्र आला होता, हुरड्याचं बोलावणं घेऊन. कोड बघून म्हणाला, "एवढं कशाला करलालास बे? एसडीएल वापर, ते केएमएसवरपण चालतंय." खरं आहे. एसडीएल २ ही चित्र नि बटणं सांभाळणारी तयार लायब्ररी, ती खिडकीत चालते आणि खिडकी नसेल तर थेट केएमएसवरही, एक एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल (बाहेरून द्यायची सेटिंग) बदलायचा. नवख्याला मी तेच सुचवेन. मी का नाही केलं याचं प्रामाणिक उत्तर हट्ट.

पण त्याच्या बोलण्यातून एक चांगली गोष्ट झाली. दर बदलाला शेडमधल्या लॅपटॉपवर चढवून बघायचा कंटाळा आला होता. आज कोडचे दोन भाग केले. चित्र काढणाऱ्या भागाला फक्त चार गोष्टी कळतात : मेमरीचा पत्ता, रुंदी, उंची, स्ट्राइड. ती मेमरी पुढं कुठं जाते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. घरी ती एसडीएलच्या खिडकीत जाते, शेडमध्ये डंब बफरात. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

खिडकीत चालवताना मुद्दाम स्ट्राइड ५५०४च ठेवलाय, म्हणजे ती चूक घरीच पकडली जाईल.

२८ डिसेंबर, शनिवार

मामांना पडद्यावर मराठी पाहिजे. रास्त आहे. 'ओळ क्र. ११२', 'उलटी बाजू', 'डिझाइन बदला'.

फाँटमधून अक्षराचं चित्र काढणारं फ्रीटाइप घेतलं, नोटोचा देवनागरी फाँट घेतला, एकेक अक्षर काढलं. पडद्यावर 'डिझाइन'मधली वेलांटी ड आणि झच्या मध्ये जाऊन बसली, आणि 'क्र'चा झाला क, मग हलन्त, मग र. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवतात आणि दाखवताना आधी यावी लागते; जोडाक्षराचा वेगळा आकार फाँटमध्ये असतो, पण तो केव्हा घ्यायचा हे फ्रीटाइप ठरवत नाही. ते काम हार्फबझ या लायब्ररीचं, आणि ओळ मांडायचं पँगो या दुसरीचं. डेस्कटॉपवर हे सगळे पडद्याआड राबत असतात, म्हणून आपल्याला वाटतं अक्षर म्हणजे नुसतं चित्र. इंग्रजीपुरतं ते बरंच खरंही आहे. विंडो सिस्टीम नको म्हणणारे लेख बहुतेक इंग्रजी अक्षरं काढून थांबतात, त्यांना वेलांटीशी गाठ पडत नाही.

लिनक्सचा साधा कन्सोल तर या फंदात पडतच नाही, त्याच्या फाँटला जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांची जागा.

हार्फबझ जोडता आलं असतं. पण मला लागणारे शब्द मोजून १९. घरच्या संगणकावर पँगोकडून ते काढून घेतले, करड्या छटांची चित्रं म्हणून साठवले, शेडमध्ये चिकटवतो. अंक तेवढे सुटे ठेवले, ०पासून ९पर्यंत. त्यांना काना ना मात्रा. जुगाड आहे, पण मास्तरांना वाचता येतंय.

५ जानेवारी २०२५, रविवार

सिस्टिम-डी सर्व्हिस केली, म्हणजे मशीन चालू झालं की प्रोग्रॅम आपोआप सुरू. बटण दाबल्यापासून ११ सेकंदांत मोर. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा, ते बंद केलं. डिस्क फक्त-वाचनीय, म्हणजे लाइट अचानक गेली तरी फाइलींना धक्का नाही. चालू ओळीचा आकडा तेवढा वेगळ्या छोट्या विभागात लिहितो. पंख्यात रुईच्या तंतूंची गादी साठली होती, ती काढली.

१४ जानेवारी, मंगळवार

गड्ड्याची यात्रा, आमच्या सिद्धेश्वराची. काल संमती कट्ट्यावर अक्षता. आठवडाभर कोड उघडला नाही.

१९ जानेवारी, रविवार

मामांनी परस्पर टीव्ही आणला, ३२ इंची, आणि एचडीएमआयची वायर खोचली. टीव्ही काळा. फोन आला, "तुझं ते बंद पडलंय."

बंद नव्हतं. माझा प्रोग्रॅम सुरू होतानाच कनेक्टर बघतो, नंतर कुणी वायर खोचली तर त्याला कोण सांगणार? आता दर दोन सेकंदांनी कनेक्टर तपासतो. एचडीएमआय दिसलं की त्याचा मोड घेतो, बफर नव्यानं मागतो. १९२०ची ओळ ७६८० बाइटांची, ती ६४नं पुरी भागली जाते, म्हणून स्ट्राइडचा फरक शून्य. टीव्हीनं मात्र चारही कडा थोड्या कापल्या. त्याच्या मेनूत शिरून ते बंद करेपर्यंत अर्धा तास गेला.

मोठ्या पडद्यावर खाना ४ला ५ ठेवूनही पूर्ण डिझाइन मावतं, पावणेचारची कसरत लागत नाही. मास्तर खुर्ची घेऊन बसले. बराच वेळ बघून म्हणाले, उजवीकडं एवढी जागा रिकामी का? दुसरं डिझाइन तिथं शेजारी दाखव. मधली रेघ इकडंतिकडं सरकवता आली पाहिजे. आणि एकाचं बटण दाबलं तर दुसरं हलता कामा नये.

मामांनी माऊस आणून ठेवलाय. कर्सरचं चित्र काढायला घेतो.